काँक्रीटच्या कोब्याला तडे गेलेत? भरण्याआधी पाण्याची वाट शोधा

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरी गेटपासून पोर्चपर्यंत १२ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद काँक्रीटची वाट आहे. जाहिरातीत तिला ड्राइव्ह-वे म्हणतात, आमच्या वाड्यावर सगळे कोबाच म्हणतात. घातल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात कोब्याला पहिला तडा गेला. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली होती, पाहुणे यायचे होते. मी घाईने सिमेंट पातळ कालवून तड्यात ओतले आणि वरून थापी फिरवली. चवथीला कोबा नवा दिसला. शिगमो (होळीचा सण) येईपर्यंत त्या सिमेंटच्या पापड्या सुटल्या होत्या आणि तडा पूर्वीपेक्षा रुंद झाला होता.

मग शेजारच्या वाड्यावरच्या एका वयस्क गवंड्याला बोलावले. त्याने थापी पिशवीतून काढलीच नाही. छपराकडे पाहिले, गेटबाहेरच्या गटाराकडे पाहिले आणि म्हणाला, “आदीं उदक खंय वता तें पळय.” आधी पाणी कुठे जाते ते बघ. पुढचा सगळा लेख त्या एका वाक्यातून आला आहे. तुम्ही पहिल्यांदाच हे काम हाती घेत असाल, तर माझे एक वर्ष जसे वाया गेले तसे तुमचे जाऊ नये, म्हणून सगळे क्रमाने लिहिते.

१. तडा कसला आहे, ते आधी ओळखा

सगळे तडे सारखे नसतात आणि सगळे भरायचेही नसतात. हातात एटीएम कार्ड घेऊन कोब्यावर फिरा. कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते, त्यामुळे मोजपट्टीचे काम छान होते.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असतील आणि त्यांत कार्ड शिरत नसेल, तर त्या बहुतेक वरच्या थरापुरत्याच असतात. घोटाई करताना वरून कोरडे सिमेंट भुरभुरले, किंवा उन्हावाऱ्यात पृष्ठभाग फार लवकर सुकला, की अशी जाळी पडते. ती तशीच सोडा. तिच्यावर सिमेंटचा पातळ हात मारला, तर पुढच्या पावसात तो सुटून येतो.

वाटेच्या रुंदीत आडवे, बऱ्यापैकी सरळ आणि ठरावीक अंतराने पडलेले तडे आकसण्याचे असतात. काँक्रीट सुकताना आकसते, आणि दाबाच्या मानाने ताण सोसण्याची त्याची ताकद साधारण दहावा हिस्साच असते. म्हणून ४ इंच जाडीच्या कोब्याला दर ८ ते १० फुटांवर, जाडीच्या चौथ्या हिश्शाइतका खोल, म्हणजे इंचभर सांधा कापून द्यावा लागतो. तसा सांधा असला की तडा त्याच्या तळाशी जातो आणि दिसत नाही. आमच्या १२ मीटरच्या कोब्याला एकही सांधा दिला नव्हता. त्याने दर ३ मीटरवर तीन तडे पाडून आपले सांधे आपणच करून घेतले.

तड्याची एक बाजू खाली गेली असेल, तर खालची भर बसली आहे. शेतात भर घालून उभारलेल्या घरांत आणि डोंगरउतार कापून सपाट केलेल्या जागेत हे फार दिसते. नळाच्या किंवा सांडपाण्याच्या पाइपसाठी खणलेला चर न धुमसता, म्हणजे माती ठोकून घट्ट न करता, बुजवला असेल, तर कोबा नेमका त्या चराच्या रेषेत बसतो. आमच्याकडे हेही निघाले. जोरदार पावसात तड्यावरून गाडी गेली आणि तांबडे पाणी पिचकारीसारखे वर आले, तर खाली पोकळी झाली आहे आणि माती वाहून चालली आहे असे पक्के समजा. पहारीचे टोक हलकेच आपटून पाहा, पोकळ जागी आवाज लगेच बदलतो.

एक बाजू वर उचलली गेली असेल, तर जवळचे झाड पाहा. आंबा, फणस, वड यांची मुळे वर्षागणिक जाड होतात आणि कोबा उचलतात. माडाची मुळे बारीक दोरीसारखी असतात आणि पुढे जाड होत नाहीत. कोबा उचलल्याचा दोष माडाला देऊन तो तोडायची घाई करू नका.

तड्याच्या कडेला गंजाचे तपकिरी डाग दिसले, तर आतली सळी गंजते आहे. समुद्राजवळच्या गावांत खाऱ्या हवेमुळे हे जास्त होते. गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. असा तडा घरच्या घरी भरू नका, तो इंजिनिअरला दाखवा. कोब्याचा तडा पुढे पोर्चच्या खांबात किंवा घराच्या भिंतीत शिरत असेल तरीही तसेच.

२. एक पावसाळा पहारा ठेवा

तडा अजून वाढतो आहे की थांबला आहे, हे कळल्याशिवाय औषध ठरवता येत नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना ऑइल पेंटने आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. मधे दोन ठिकाणी रुंदी मोजून वहीत टिपा. फोटो काढताना शेजारी नाणे ठेवा, म्हणजे पुढच्या फोटोशी ताडून पाहता येते.

मग भर पावसात छत्री घेऊन बाहेर उभे राहा. हे काम इतर कुणावर सोपवू नका. कौलांच्या पागोळ्या कोब्याच्या कडेवर पडतात का? पन्हळीचे पाणी कुठे उतरते? गेटबाहेरचे गटार भरून पाणी आत ढकलले जाते का? पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने कुठे डबके उरते? आमच्या घरी एका बाजूच्या पागोळ्यांनी कोब्याच्या कडेखालची माती हातभर आतपर्यंत नेली होती. वरून कोबा अगदी ठीक दिसत होता. एक दिवस पाण्याचा टँकर आला आणि तो कोपरा मोडला. १०,००० लिटर पाण्याचेच वजन १० टन होते, टँकरचे वेगळे. साध्या गाडीचे वजन सव्वा टनाच्या आसपास. घरगुती ४ इंची कोबा टँकरसाठी घातलेलाच नसतो, आणि खाली पोकळी असली की तो मोडणारच.

३. आधी पाण्याचा बंदोबस्त करा

ही पायरी लोक गाळतात, कारण तिच्यात तडा भरल्याचे समाधान नाही. पण गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. इतके पाणी जिथे जाईल तिथली माती नेईल.

पागोळ्यांच्या रेषेत पन्हळ बसवा आणि तिचे पाणी पाइपने थेट गटारात सोडा. पन्हळ परवडत नसेल, तर पागोळ्या पडतात तिथे खडी भरलेला उथळ चर काढा. धुपलेल्या कडेला चिऱ्याचा एक थर लावून मागे माती धुमसून भरा. कोब्याचा उतार लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) तपासा. ३ मीटर रुंदीत एका बाजूला ३ सेंटिमीटरचा तरी ढाळ हवा, तोही घरापासून दूर जाणारा. गेटबाहेरचे गटार सार्वजनिक असेल तर त्यात भर घालू नका, त्यावर स्लॅब टाकू नका. रस्ता किंवा गटार फोडावे लागणार असेल, तर आधी पंचायतीत विचारा आणि परवानगी लेखी घ्या.

४. मुहूर्त

दिवाळीनंतर ते शिगम्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. जमीन सुकलेली असते, अवकाळी सरीची धास्ती कमी असते आणि काँक्रीटला पाणी मारायला विहिरीत पाणी असते. एप्रिल-मेच्या उन्हात माल फार लवकर सुकतो. पावसाळ्यात सीलंट, म्हणजे तड्यात भरायचा रबरासारखा माल, चिकटतच नाही. चवथीच्या आधी घाईने काही करू नका, त्याचे फळ वर सांगितलेच आहे.

५. सामान जमवा

सगळे एकदम आणू नका. तडा कसला ते ठरल्यावर त्याप्रमाणे घ्या.

अवजारे: छिन्नी आणि दोन किलोचा हातोडा, तारेचा ब्रश, ४ इंची ग्राइंडर आणि काँक्रीटची डायमंड ब्लेड, ब्लोअर किंवा सायकलचा पंप, थापी, लाकडी रंधा, घमेले, कडक केसांचा झाडू, सीलंटची गन.

हलत्या तड्यांसाठी (आकसण्याचे तडे, जे उन्हागारव्याने उघडतात-मिटतात): पॉलियुरेथेन सीलंट, तड्यात दाबायची फोमची दोरी (दुकानात बॅकर रॉड मागा), कडेला लावायची कागदी चिकटपट्टी, आणि सीलंटच्या कंपनीने सांगितले असेल तर त्यांचाच प्रायमर.

तुटलेल्या कडा आणि खड्ड्यांसाठी: सिमेंट, चाळलेली रेती, बारीक खडी, एसबीआर लॅटेक्स (नवा माल जुन्या काँक्रीटला धरून ठेवणारे दुधासारखे द्रव). डॉ. फिक्सिट, फॉसरॉक, सिका यांपैकी कुणाचेही चालते, मात्र एका कामात एकाच कंपनीचा माल ठेवा.

स्वतःसाठी: एन-९५ मास्क, गॉगल, हातमोजे, बूट. काँक्रीट कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

कागद: सिमेंट आणि सीलंटची बिले, सीलंटवरची मुदत, सिमेंटच्या पोत्यावर छापलेला बनावटीचा आठवडा आणि वर्ष. सिमेंट ३ महिन्यांपेक्षा जुने असेल तर घेऊ नका, आमच्या दमट हवेत ते पोत्यातच गोळे धरते. भाड्याचे घर किंवा सोसायटी असेल, तर मालकाची किंवा कमिटीची लेखी संमती हातात ठेवा.

रेतीबद्दल एक कळकळीची विनंती आहे. किनारा जवळ आहे म्हणून समुद्राची वाळू आणू नका. तिच्यातले मीठ सळी गंजवते आणि कोब्यावर पांढरा फुलोरा आणते. नदीची धुतलेली रेती बिलासकट मिळाली तर उत्तम, नाहीतर दगड दळून केलेली एम-सँड घ्या. तिने काम चांगले होते.

६. हलता तडा असा भरा

माझे सिमेंट का सुटले, हे मला उशिरा कळले. काँक्रीट उन्हाने वाढते आणि गारव्याने आकसते. दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला, साधारण एक मिलिमीटरचा शंभरावा भाग. आमच्या १२ मीटर कोब्यात पहाट आणि भर दुपार यांत २० अंशांचा फरक पडला, तर एकूण २.४ मिलिमीटरची हालचाल होते. ती सगळी त्या तीन तड्यांतच होते. तिथे कडक सिमेंट भरले की ते सुटणार किंवा शेजारी नवा तडा पाडणार. त्या जागी रबरासारखे ताणणारे काहीतरी हवे, आणि सीलंट तेवढ्यासाठीच असते.

क) ग्राइंडरने तडा १० मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर खोल करा. अरुंद तड्यावर वरून सीलंट पसरू नका. पातळ थर टायरखाली उचलला जातो.

ख) आतली धूळ, माती, मुळे, शेवाळ सगळे काढा. आधी तारेचा ब्रश, मग हवा, मग पाणी. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडरचे पाणी चालते. तेच काम फरशी धुण्याच्या ॲसिडने करायची पद्धत आहे, ती टाळा. ॲसिड काँक्रीटमधले सिमेंटच खाते. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड तर चुकूनही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो जिवावर बेततो.

ग) दोन-तीन कडकडीत उन्हे लागू द्या. मग रात्री तड्यावर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर अजून ओल आहे, थांबा. वरून सुका दिसणारा कोबा आतून किती ओला असतो, ते पाहून मला नवल वाटले होते.

घ) १२ मिलिमीटर जाडीची बॅकर रॉड लाकडाच्या बोथट पट्टीने आत दाबा. वर ८ मिलिमीटर जागा उरली पाहिजे. ही दोरी दोन कामे करते. सीलंट वाचवते, आणि सीलंटला तळाशी चिकटू देत नाही. सीलंट फक्त दोन बाजूंना धरलेले असले तरच मोकळे ताणते, तळालाही चिकटले तर फाटते.

ङ) दोन्ही कडांना चिकटपट्टी लावा. सांगितला असेल तर प्रायमर लावून तो सुकू द्या. मग गनने खालून वर भरत या, मधे हवा अडकू देऊ नका. थापीच्या टोकाने दाबून सीलंट कोब्याच्या पातळीपेक्षा २ मिलिमीटर खाली ठेवा, म्हणजे टायर त्याला घासणार नाही. लगेच चिकटपट्टी काढा. सीलंट ओले असताना वर थोडी कोरडी बारीक रेती भुरभुरली, तर रंग कोब्यात मिसळतो.

किती लागेल? १० मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड सीलंटला मीटरमागे ६० मिलिलिटर. आमच्या तीन तड्यांचे मिळून ९ मीटर, म्हणजे ५४० मिलिलिटर. हिशेबाने ६०० मिलिलिटरचे एक पाकीट पुरायला हवे होते. पुरले नाही, कारण तडा सरळ कापला जात नाही. दोन आणा.

हे काम सकाळी आठ-नऊच्या सुमारास करा. भर दुपारी तडा आवळलेला असतो, पहाटे उघडलेला. मधली वेळ बरी. सीलंट हवेतल्या दमटपणावर वाळते, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. आठवडाभर गाडी बाहेर ठेवा. कुत्र्यामांजरांसाठी दोन्ही बाजूंना फळ्या आडव्या लावा.

७. तुटलेली कड आणि खड्डा

इथे सिमेंटच हवे, पण ते नीट धरले पाहिजे. तुटलेला भाग कटरने चौकोनी करा. कडा उभ्या हव्यात आणि खोली कुठेही १२ मिलिमीटरपेक्षा कमी नको. निमुळती होत जाणारी पातळ कड हमखास उडते. मोकळे झालेले सगळे छिन्नीने काढा. जागा आदल्या रात्री पाणी घालून भिजवा, सकाळी साचलेले पाणी फडक्याने टिपून घ्या. काँक्रीट आतून भिजलेले आणि वरून चकाकी नसलेले हवे. कोरडे ठेवले तर ते नव्या मालातले पाणी पिऊन टाकते.

लॅटेक्स आणि सिमेंटचा हात डब्यावर दिलेल्या प्रमाणात कालवून ब्रशने चोळा, आणि तो चिकट असतानाच माल भरा. एक भाग सिमेंटला तीन भाग रेती. खड्डा दीड इंचापेक्षा खोल असेल तर बारीक खडीही घाला. पाणी कमीत कमी. मूठ आवळली तर गोळा राहावा आणि हात ओला होऊ नये, इतकेच. कोपऱ्यांत माल ठोकून बसवा. शेवटी रंध्याने सारखा करून ओल्यावरच झाडू आडवा फिरवा. आमच्या पावसात शेवाळ चढलेल्या गुळगुळीत कोब्यावर घरची म्हातारी माणसे पडतात. खरखरीतपणा ही इथली गरज आहे.

साध्या मालावर ओले गोणपाट घालून ७ दिवस पाणी मारा, पोत्यावर पीपीसी (राख मिसळलेले सिमेंट) लिहिले असेल तर १० दिवस. लॅटेक्स घातलेल्या मालाला सहसा पहिला एक-दोन दिवसच ओल लागते, मग तो हवेत सुकू द्यायचा असतो. डब्यावर लिहिले असेल तसे करा.

८. बसलेला कोबा

खाली पोकळी असेल तर वरून काहीही भरून उपयोग नाही. तेवढा तुकडा दोन तड्यांच्या मधून कापून काढावा लागतो. हे काम गवंड्याकडून करून घ्या, पण स्वतः उभे राहा.

चिखल काढून कोरडी तांबडी माती आणि खडी १५-१५ सेंटिमीटरच्या थरांत भरायची, प्रत्येक थर किंचित भिजवून धुम्मसाने ठोकायचा. आम्ही आधी एकदम दोन फूट भर घालून वरून पाणी सोडले होते, ती महिन्यात पुन्हा बसली. मग वर प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर काँक्रीट, १ भाग सिमेंट, दीड भाग रेती, ३ भाग २० मिलिमीटर खडी. २ मीटर गुणिले १ मीटर, ४ इंच जाडीच्या तुकड्याला दोन पोती सिमेंट पुरते. ५० किलोच्या पोत्याला ३० लिटरपेक्षा जास्त पाणी घालू देऊ नका. माल सैल झाला की पसरायला सोपा जातो, म्हणून कामगार बालदी ओततच राहतात, आणि जास्तीचे पाणी उडून गेले की तिथेच पुन्हा तडे पडतात. मी बालद्या मोजून ठेवल्या आणि पाइप बंद केला. त्यांना राग आला, पण तो तुकडा अजून धड आहे.

नव्या आणि जुन्या काँक्रीटच्या मधे सांधा सोडा आणि तो सहाव्या पायरीप्रमाणे सीलंटने भरा. दोन्ही जोडून टाकलेत तर तडा त्याच रेषेत पडेल.

गवंड्याशी बोली करतानाच चार गोष्टी कागदावर घ्या: जाडी किती, सांधे किती अंतरावर, भर किती थरांत धुमसणार, पाणी मारायची जबाबदारी कुणाची. शेवटच्या मुद्द्यावर सर्वांत जास्त भांडणे होतात. आम्ही तो स्वतःकडे घेतला आणि सकाळ-संध्याकाळ घरातल्याच माणसांनी पाणी मारले.

९. गाडी कधी आणायची

स्कूटर ७ दिवसांनी, गाडी १४ दिवसांनी. चिऱ्यांचा ट्रक किंवा टँकर २८ दिवस तरी गेटबाहेर थांबवा. खरे तर नंतरही बाहेरच. टँकरवाल्याला लांब पाइप आणायला सांगितला की तो आणतो.

१०. पहिला पाऊस

जूनमधल्या पहिल्या जोरदार सरीत पुन्हा छत्री घेऊन बाहेर या. सीलंटच्या कडेला बोट फिरवा. कुठे नख शिरत असेल तर तिथे ते धरलेले नाही. तेवढाच भाग खडूने खुणावून ठेवा, तो दिवाळीनंतर कापून पुन्हा भरता येतो. तांबडे पाणी कुठूनही वर येत नाही ना, ते पाहा. पन्हळीत आंब्याची पाने अडकली असतील तर त्याच दिवशी काढा. आमच्याकडे मागच्या पावसात तीनपैकी एका तड्यात वीतभर सीलंट सुटलेले सापडले, नेमके तिथेच जिथे प्लॅस्टिकच्या तुकड्याखाली थेंब दिसूनही मी एक दिवस आधी काम उरकले होते.